ठाऊक असलेला दोष हा अपघात नव्हे

‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ सरकारी कचेरीच्या अथवा बँकेच्या खिडकीपाशी हे वाक्य ऐकून रिकाम्या हाताने परतला नाही, असा गोमंतकीय आज शोधूनही सापडणे कठीण. कुणाला एक-चौदाचा उतारा हवा असतो, कुणाला जन्माचा दाखला, कुणाला निवृत्तिवेतनाचा हिशेब. काणकोणहून किंवा सत्तरीहून पहाटेची बस पकडून आलेला माणूस हे वाक्य मुकाट्याने ऐकतो आणि परतीची वाट धरतो. आभाळ भरून आले की पाऊस पडायचाच, तद्वत संगणक कधी ना कधी बंद पडायचाच, अशी त्याने मनाची समजूत करून घेतलेली असते. या समजुतीला आमचा आक्षेप आहे. पाऊस पाडणे कुणाच्या हाती नाही. परंतु संगणकातील साठवण कोलमडण्याच्या पुष्कळशा घटना अगोदर कुणाला तरी ठाऊक असलेल्या, एवढेच नव्हे तर कागदावर छापून ठेवलेल्या दोषांतून उद्भवतात. हे कागद कोणते, ते कोण वाचतो आणि न वाचल्याची किंमत कोण मोजतो, याचा विचार आज करावयाचा आहे.

संगणकातील माहिती अखेर कुठेतरी ठेवावी लागते. १९५६ साली आयबीएम कंपनीने पहिला व्यापारी डिस्कसंच बाजारात आणला. त्यात पन्नास मोठ्या तबकड्या होत्या, वजन टनाहून अधिक होते आणि साठवण होती अवघी पन्नास लाख अक्षरांची. आज त्याच्या कैक पटींनी अधिक मजकूर खिशातल्या फोनमध्ये मावतो. परंतु बँक, इस्पितळ वा शासन यांच्या दप्तराला एक तबकडी पुरत नाही. शेकडो डिस्क एकत्र जोडाव्या लागतात. १९८८ साली कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी अशा स्वस्त डिस्कांचा समूह विश्वासार्ह कसा करता येईल याची मांडणी केली. तिचे तत्त्व आपल्या खतावणीसारखेच आहे. पानावरच्या रकमा आणि खालची बेरीज ठाऊक असली, की मधली एखादी रक्कम पुसली गेली तरी वजाबाकीने ती काढता येते. तसे, सर्व डिस्कांवरील मजकुराची एक ‘बेरीज’ लिहून ठेवली, तर एखादी डिस्क निकामी झाली तरी तिच्यावरचा मजकूर उरलेल्यांवरून पुन्हा उभा करता येतो.

या समूहाचा कारभार पाहणारे जे सॉफ्टवेअर, त्यास साठवण व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर म्हणतात. कोणती डिस्क कुठल्या गटात, कोणता गट कोणत्या खात्याला, कोणाची प्रत कधी घ्यायची, बिघडलेली डिस्क बाजूला काढून नवीन कशी रुजू करायची, ही सारी व्यवस्था ते पाहते. दप्तरखान्याच्या कारकुनाचे काम ते करते असे म्हटले तरी चालेल. फरक एवढाच की, कारकून चुकला तर एखादी फाईल हरवते. हा कारकून चुकला तर सबंध दप्तरखानाच नाहीसा होऊ शकतो.

असे सॉफ्टवेअर विकणाऱ्या जबाबदार कंपन्या त्याच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर एक पत्रक प्रसिद्ध करतात. त्यात ‘ज्ञात दोष’ आणि त्यांवरील ‘तात्पुरते उपाय’ अशा दोन गोष्टी शेजारी शेजारी दिलेल्या असतात. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर अमुक गट आपोआप जोडला जात नाही. उपाय : तो हाताने जोडावा. नवीन डिस्क बसविल्यावर पडद्यावर जुन्याच डिस्कचे नाव दिसते. उपाय : सेवा बंद करून पुन्हा चालू करावी. एकाच वेळी दोन कामे दिली तर पहिले अर्धवट राहते; उपाय : एक संपल्याशिवाय दुसरे सुरू करू नये. अशा नोंदींनी पानेच्या पाने भरलेली असतात. आपल्या मालातील वैगुण्य विकणाऱ्याने स्वतःच छापून द्यावे, हा प्रामाणिकपणा इतर धंद्यांत दुर्मिळच. त्याबद्दल या कंपन्यांना दोष देण्याचे कारण नाही. निर्दोष सॉफ्टवेअर आजवर कुणी लिहिलेले नाही आणि नजीकच्या काळात लिहिले जाईल असेही दिसत नाही.

दुखणे आहे ते पुढे. हे पत्रक ज्याच्यासाठी छापले, तो खरेदीदार ते वाचत नाही. खरेदीची फाईल हाताळणाऱ्या अधिकाऱ्याची नजर किमतीच्या रकान्यावर असते. ठेकेदाराला यंत्रे एकदाची बसवून देयक मंजूर करून घ्यायचे असते. शेवटी तो तात्पुरता उपाय उतरतो रात्रपाळीच्या एखाद्या तंत्रज्ञाच्या वहीत. ‘सोमवारी पहाटे गट हाताने जोडणे’ एवढीच नोंद. तो तंत्रज्ञ असतो तोवर सर्व सुरळीत चालते आणि वरिष्ठांना वाटते की यंत्रणा उत्तम आहे. मग त्याची बदली होते किंवा कंत्राट संपते. वही कपाटात राहते, उपाय विस्मरणात जातो आणि दोष मात्र जिथल्या तिथे असतो. तात्पुरते म्हणून जे केले तेच कायमचे होऊन बसण्याची ही रीत आपल्या सार्वजनिक जीवनात नवीन नाही. संगणकाने ती फक्त अदृश्य केली आहे.

नोव्हेंबर २०१९ मध्ये घडलेली गोष्ट या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहे. ह्यूलेट पॅकार्ड एंटरप्राइझ या अमेरिकन कंपनीने आपल्या ग्राहकांना कळविले की, तिने विकलेल्या काही प्रकारच्या डिस्क ३२,७६८ तास चालल्यानंतर, म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास भरताच, कायमच्या निकामी होतील आणि त्यांवरील मजकूरही परत मिळणार नाही. मार्च २०२० मध्ये दुसऱ्या काही डिस्कांबाबत ४०,००० तासांची तशीच सूचना निघाली. दोष डिस्कच्या आत बसविलेल्या नियंत्रक सॉफ्टवेअरमध्ये होता आणि त्याची सुधारित आवृत्ती कंपनीने उपलब्ध करून दिली होती. आता वाचकांनी वर सांगितलेली खतावणीची बेरीज आठवावी. एक रक्कम पुसली गेली तर ती काढता येते. सगळ्याच रकमा एकदम पुसल्या गेल्या तर बेरजेचा उपयोग काय? एकाच दिवशी खरेदी केलेल्या, एकाच दिवशी चालू केलेल्या डिस्क जवळजवळ एकाच घटकेला बंद पडणार, हे उघड होते. ज्याने सूचना वाचली त्याने वेळीच सुधारणा करून आपले दप्तर वाचविले. ज्याने वाचली नाही, त्याच्या यंत्राचा काटा त्या तासाकडे सरकतच होता. या दोन खरेदीदारांमध्ये पैशाचा, बुद्धीचा वा यंत्राचा भेद नव्हता. भेद होता तो एक कागद वाचण्याचा.

दुसरा दोष याहून जुना आणि आपल्या अधिक परिचयाचा आहे. एखादी रक्कम बदलली, परंतु खालची बेरीज बदलण्यापूर्वीच वीज गेली, तर काय होईल? रक्कम नवी आणि बेरीज जुनी. हिशेब वरकरणी ठीक दिसतो. परंतु पुढे कधी एखादी डिस्क निकामी झाली, की त्या चुकीच्या बेरजेवरून चुकीचाच मजकूर उभा राहतो आणि तो चुकीचा आहे हे यंत्रालाही कळत नाही. या दोषावर तोडगे आहेत. नियंत्रकाला स्वतःची छोटी बॅटरी द्यावी किंवा बदलाची नोंद अगोदर वेगळी लिहून ठेवावी. परंतु बॅटरी म्हातारी होते. ती निकामी झाली की यंत्र इशारा देते, एखादा दिवा पेटतो, एखादा निरोप जातो. मृगाच्या पहिल्या सरीबरोबर वीज जाणे हे ज्या प्रदेशात नित्याचे, तिथे त्या दिव्याकडे रोज पाहणारा माणूस नेमलेला आहे काय, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे.

‘आमच्याकडे सर्व माहितीच्या प्रती आहेत’ हे आश्वासन आपण नेहमी ऐकतो. त्याची किंमत किती, हे ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीला कळले. रात्री उशिरापर्यंत एक बिघाड निस्तरत बसलेल्या थकलेल्या कर्मचाऱ्याने चुकीच्या यंत्रावर पुसण्याची आज्ञा दिली आणि सुमारे ३०० जीबी माहिती काही क्षणांत गेली. प्रती घेण्याच्या निरनिराळ्या पाच व्यवस्था कंपनीपाशी होत्या; परंतु त्यांतली एकही भरवशाने चालू नव्हती, हे तेव्हा उघडकीस आले. एका व्यवस्थेत दोन सॉफ्टवेअरच्या आवृत्ती जुळत नसल्याने प्रत निघतच नव्हती आणि तसे कळविणाऱ्या ईमेल वाटेतच नाकारल्या जात होत्या. कंपनी वाचली ती केवळ योगायोगाने. त्याच कर्मचाऱ्याने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी एक प्रत काढून ठेवली होती. तरीही मधल्या सहा तासांची माहिती गेलीच. कंपनीने मात्र आपली फजिती लपविली नाही; सारा वृत्तांत तिने जगासमोर मांडला. हा धडा आपल्याकडील किती संस्थांना झेपेल?

कधी कधी तर राखणदारच घर बुडवितो. डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठातील महासंगणकाच्या साठवणीतून सुमारे ७७ टीबी माहिती, म्हणजे जवळजवळ ३ कोटी ४० लाख फायली, पुसल्या गेल्या. पुसणारी दुसरीतिसरी कोणी नसून प्रती काढणारी आज्ञावलीच होती. जुन्या नोंदवह्या साफ करण्याची तिची तरतूद सुधारण्यात आली आणि जुनी आवृत्ती चालू असतानाच तिच्या जागी नवी ठेवली गेली. अर्धी जुनी, अर्धी नवी अशी आज्ञावली चालली आणि नोंदवह्यांऐवजी संशोधकांच्या फायलींवर तिचा हात फिरला. चौदा संशोधक गटांना याची झळ लागली आणि त्यांपैकी चार गटांची माहिती परत मिळू शकली नाही. यंत्रणा पुरविणाऱ्या कंपनीने ही चूक सर्वस्वी आपली असल्याचे मान्य केले. चालू असलेली आज्ञावली मध्येच बदलू नये, हा संगणकशास्त्रातील अगदी प्राथमिक सावधगिरीचा नियम. तो कुणाला ठाऊक नव्हता असे नव्हे. त्या दिवशी तो पाळला गेला नाही, इतकेच.

सर्वांत ठळक उदाहरण दक्षिण कोरियाचे. संगणकीय प्रशासनात या देशाची गणना जगातल्या पहिल्या रांगेत होते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी तेथील देजॉन शहरातील राष्ट्रीय माहिती केंद्रात बॅटऱ्या हलविण्याचे काम चालू असताना आग लागली आणि शासनाच्या ७०९ संगणकीय सेवा बंद कराव्या लागल्या. सरकारी कर्मचाऱ्यांनी आपली कागदपत्रे स्वतःच्या संगणकावर न ठेवता ज्या सामायिक भांडारात ठेवावीत असा दंडक होता, ते भांडार त्या आगीत भस्मसात झाले. त्यात ८५८ टीबी माहिती होती आणि तिची दुसरी प्रत बाहेर कुठेही नव्हती. भांडार फार मोठे असल्याने प्रत काढणे जमले नाही, असे कारण देण्यात आले. तीनच वर्षांपूर्वी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, त्याच देशात एका खाजगी माहिती केंद्राला अशीच आग लागून काकाओ या लोकप्रिय सेवेचा कारभार कोलमडला होता आणि त्यावर देशभर चर्चाही झाली होती. म्हणजे धोका ठाऊक होता, उपाय ठाऊक होता आणि उणीवही ठाऊक होती. ठाऊक नव्हते ते एवढेच की, ही उणीव दूर करण्याचे काम नेमके कुणाचे!

दूरच्या देशांच्या गोष्टी सांगून आपण सुटत नाही. जून २०२२ मध्ये, ऐन पावसाळ्यात, आपल्याच राज्याच्या जलस्रोत खात्याच्या पूरमापन यंत्रणेवर खंडणीखोरांचा संगणकीय हल्ला झाला. नद्यांच्या पातळीची माहिती ज्या सर्व्हरवर जमा होत होती, त्यावरील फायली कुलूपबंद झाल्या आणि त्या उघडून देण्यासाठी बिटकॉइनच्या रूपाने खंडणी मागण्यात आली. हल्ला करणारे गुन्हेगारच, त्यांची गय करण्याचे कारण नाही. परंतु दरवाजा किती जुना होता आणि आतल्या मालाची प्रत दुसरीकडे ठेवली होती काय, हे प्रश्न गुन्हेगाराला विचारायचे नसतात. ते घरमालकाला विचारायचे असतात.

गोमंतकीयाला हा विषय समजावून सांगण्यासाठी खरे तर संगणकाची गरज नाही. आपल्या खाजन जमिनींकडे पाहावे. खाऱ्या पाण्यापासून शेतीचे रक्षण करणारे ते बांध माती-दगडाचे. ते कधीच निर्दोष नव्हते. कुर्ल्या त्यांत बिळे पाडीत, भरतीचे पाणी एखाद्या जागी सतत धडका देई, मानशीची फळी कुजे. कुठला भाग कच्चा आहे हे गावाला ठाऊक असे आणि माती-पेंढा घालून तात्पुरती डागडुजीही होई. परंतु पाहणी कुणी करायची, फळी कुणी उघडायची, खर्च कुणी सोसायचा, हे ठरलेले असे. ही व्यवस्था जिथे ढिली पडली, तिथे खारे पाणी शेतात घुसले. बांध कच्चा होता म्हणून शेत बुडाले, असे त्यावर म्हणायचे नसते; पाहणारा उरला नाही म्हणून ते बुडाले. संगणकाच्या साठवणीचे याहून वेगळे काही नाही.

यावर तीन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, दोषांची यादी चव्हाट्यावर मांडली तर हल्लेखोरांना आयते साहाय्य होईल. हल्ल्याला वाट करून देणारे दोष तूर्त गुप्त ठेवण्यास आमची हरकत नाही. परंतु बहुसंख्य दोष हे निव्वळ कारभारातील अडचणींचे असतात आणि कंपन्या ते स्वतःच छापतात. गुप्ततेच्या सबबीखाली आळस लपविला जाऊ नये. दुसरा आक्षेप खर्चाचा. माहितीची दुसरी प्रत दुसऱ्या गावी ठेवण्यास पैसा लागतो, हे खरे. परंतु गेलेले दप्तर पुन्हा उभे करण्यास किती पैसा लागतो आणि जे उभे राहूच शकत नाही त्याची किंमत कशी करणार, याचेही उत्तर मग द्यावे लागेल. तिसरा आक्षेप असा की, हा तज्ज्ञांचा विषय आहे, सामान्य नागरिकाने त्यात पडू नये. पुलाचे गणित इंजिनियरनेच करावे. परंतु पूल कधी तपासला आणि कुणी तपासला, हे विचारण्याचा हक्क त्यावरून चालणाऱ्या प्रत्येकाला आहे.

आमच्या सूचना साध्या आहेत. एक, शासनाने वा सहकारी बँकांनी साठवणीची यंत्रणा खरेदी करताना ज्ञात दोषांचे ताजे पत्रक निविदेबरोबरच मागावे आणि ते वाचल्याची सही जबाबदार अधिकाऱ्याने करावी. दोन, अमलात आणलेल्या प्रत्येक तात्पुरत्या उपायापुढे दोन गोष्टी लिहिल्या जाव्यात : तो कुणाच्या जबाबदारीवर चालू आहे आणि कोणत्या तारखेपर्यंत चालू राहील. ती तारीख उलटली तर मुदतवाढीसाठी वरिष्ठाला कारण नोंदवावे लागावे. तीन, नुसत्या प्रती काढून थांबू नये. वर्षातून दोनदा, त्यांतली एक खेप पावसाळ्यापूर्वी, त्या प्रतींवरून दप्तर खरोखरच उभे राहते काय याची तालीम घ्यावी आणि निष्पत्ती जाहीर करावी. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही ती प्रत नव्हे, ती निव्वळ आशा होय. चार, बिघाड झाल्यावर रात्रपाळीच्या कंत्राटी तंत्रज्ञाला बडतर्फ करून प्रकरण मिटविण्याची प्रथा बंद व्हावी. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याने यंत्रणा सुधारत नाही. उलट पुढचा तंत्रज्ञ दोष दिसला तरी वहीत लिहीत नाही, आणि ठाऊक असलेला दोष पुन्हा अज्ञात होऊन बसतो.

या शेवटच्या मुद्द्यावर आम्ही विशेष भर देऊ इच्छितो. दोष ठाऊक होण्यासाठी कुणीतरी तो पाहिलेला असतो, सांगितलेला असतो. सांगणाऱ्याचे ऐकून घेणारी संस्था टिकते. त्याचे तोंड बंद करणारी संस्था आपल्याच पायाखालची माती उकरीत असते. दोष उघड करणे हा गुन्हा नव्हे. तो उघड झाल्यावर स्वस्थ बसणे हा गुन्हा आहे. अज्ञात दोषाने घात केला तर त्यास अपघात म्हणता येईल. जो दोष छापील आहे, ज्याचा उपाय शेजारीच लिहिलेला आहे आणि तरीही जो घात करून जातो, त्यास अपघात म्हणणे ही भाषेशी प्रतारणा आणि नागरिकाची फसवणूक होय.

जमिनीचा उतारा, जन्माची नोंद, आयुष्यभराच्या बचतीचा हिशेब, हे नागरिकाने शासनाच्या आणि बँकेच्या स्वाधीन केलेले विश्वासाचे धन आहे. कागदाची दप्तरे वाळवीने खाल्ली तर निदान भुसा तरी दिसे. डिस्कवरचे दप्तर जाते तेव्हा मागे काहीच उरत नाही. म्हणून यापुढे खिडकीपाशी कुणी ‘सर्व्हर डाऊन आहे’ असे सांगितले, तर नागरिकाने मुकाट्याने परत फिरू नये. हा दोष पूर्वी ठाऊक होता काय, आणि असल्यास त्याची जबाबदारी कुणाकडे होती, असे दोन प्रश्न त्याने लेखी विचारावेत. माहितीच्या अधिकाराचा २००५ सालचा कायदा त्याच्या हाताशी आहे. सरकारी कचेऱ्यांकडून या दोन प्रश्नांची उत्तरे नियमाने मिळू लागली, तर ‘उद्या या’ हे वाक्य फार काळ टिकणार नाही.